गाठीतली शिडी

बाईंनी आमच्या रानातलं टोमॅटोचं झाड उपटलं तेव्हा मी अकरावीत होते आणि आबा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे राहून बघत होते. झाड चांगलं फळाला आलेलं होतं. भोंगवलीच्या रस्त्याला स्कूटी लावून एक बाई सरळ वाफ्यात शिरली. सुती साडी वर खोचलेली, पायात पुरुषांचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तिनं दोन-तीन झाडं निरखली, एक निवडलं, दोन्ही हातांनी बुडाशी धरलं आणि ओढून काढलं. मग मुळं झटकली आणि नाकाशी नेली.

"ओ बाई! काय लावलंय ह्ये?" आबा ओरडले.

"गाठी आहेत," बाई म्हणाल्या. "या, बघा. हरभऱ्याएवढ्या झाल्यात. हे झाड पंधरा दिवसांत बसणारच होतं."

"आवो, पर इचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही मला मेलेलं झाड दिलं असतं. मेलेल्या मुळात किडा सापडत नाही."

एवढं बोलून त्यांनी झाड फळांसकट पिशवीत कोंबलं आणि स्कूटीला किक मारून निघून गेल्या.  आबा त्या खड्ड्यापाशी गेले. नंतर त्यांनी शेजारचं एक झाड स्वतः उपटलं, मुळं पाहिली, आणि ते मला दाखवलं. त्यालाही गाठी होत्या.

दोन वर्षांनी मी भोरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात बसले, आणि दारातून आधी ते बूट आत आले.

बाईंना 'मॅडम' म्हटलेलं चालायचं नाही. "मॅडम पुण्यात असतात, इथं बाई असतात," असं त्या म्हणायच्या. नवरा पुण्यात, त्या भोरला. आमचं उत्तम चाललंय, असं दोघंही स्वतंत्रपणे सांगायचे. हजेरी त्यांनी कधी घेतली नाही. त्यांच्याकडे एकसारखे दोन स्टीलचे डबे होते, एकात पोळीभाजी आणि दुसऱ्यात ओल्या मातीतली मुळं. स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या एका सरांनी बाईंचा आग्रह मोडवेना म्हणून झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. ते सर पुढं कायम खिडकीपाशी बसून एकटेच जेवले.

कॉलेजातल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न होतं. बाईंनी स्टेजवर जाऊन नवरानवरीला नीट न्याहाळलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "जोडी तर जमली. आता अदलाबदल कशी होते ते बघायचं."  नवऱ्या मुलाची आत्या पुढं आली. "अदलाबदल? कुणाची अदलाबदल वं?" मी बाईंना हाताला धरून खाली आणलं. बाईंना काही केल्या कळेना की आपलं चुकलं काय. त्या गुणसूत्रांबद्दल बोलत होत्या.

गुणसूत्रांशिवाय त्या दुसऱ्या कशाबद्दल बोलायच्या असं मला आठवत नाही. अंडं तयार होताना आईकडून आलेलं गुणसूत्र आणि बापाकडून आलेलं गुणसूत्र एकमेकांशेजारी येऊन उभी राहतात. दोघांच्या मध्ये एक बारीकशी रचना तयार होते. फोटोत ती शिडीसारखी दिसते. दोन्ही बाजूंना दोन उभे दांडे, मध्ये पायऱ्या. ती शिडी जोडीला धरून ठेवते, आणि तेवढ्या वेळात दोघं आपले तुकडे बदलून घेतात. म्हणून पोरगं आईसारखंही हुबेहूब होत नाही आणि बापासारखंही नाही. हे शिकवताना बाईंनी एकदा अंगातल्या स्वेटरची चेन वरखाली करून दाखवली, तेवढ्यानं भागेना तेव्हा कात्रीनं ती स्वेटरपासून कापून काढली आणि वर्गात फिरवली. थंडीचे दिवस होते. पुढचा आठवडाभर त्या स्वेटरला सेफ्टी पिना लावून आल्या.

मुळाला गाठी करणारा जो किडा असतो, सूत्रकृमी, त्याची गोष्ट वेगळी. डोळ्याला न दिसणारा धाग्यासारखा जीव. मादी मुळात शिरते, तिथंच फुगून बसते, मूळ सुजून गाठ होते आणि झाड तहानेनं मरतं. आमच्या भागात जी जात आहे तिच्यात मादीला नर लागतच नाही. गुणसूत्रांची जोडी जमत नाही, शिडी बनत नाही. आईची नक्कल मुलगी, मुलीची नक्कल नात. बाईंना हे पटायचं नाही. "एवढी वर्षं नुसती नक्कल करून कुणी जगतं का?" त्या म्हणायच्या. "शिडी असणार. आपल्याला बघता येत नाही."

मी एम.एस्सी. झाले आणि बाईंकडेच पीएच.डी.ला लागले. विषय हाच. किकवीच्या रानातनं आणलेला किडा कॉलेजमागच्या शेडनेटमध्ये कुंड्यांतल्या टोमॅटोवर वाढवायचा, माद्या बाहेर काढायच्या, त्यांच्या अंडाशयाचे काप करून पुण्याला न्यायचे आणि तिथल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायचे. दोन वर्षं काही दिसलं नाही. तिसऱ्या वर्षी एका दुपारी पुण्यात पडद्यावर शिडी दिसली.

  दोन दांडे, मध्ये पायऱ्या, पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "हलू नकोस. कशालाही हात लावू नकोस," आणि भोरहून निघाल्या. पडद्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. पुसलंसुद्धा नाही त्यांनी.

आमचा शोधनिबंध छापून आला. किकवीचा किडा जोडी जमवतो, असं आम्ही लिहिलं. याचा शेतकऱ्याशी फार जवळचा संबंध होता. त्याच सुमाराला रोपवाटिकांत गाठ न धरणारी टोमॅटोची रोपं आली होती. किडा जर नुसत्या नकला काढत असेल, तर त्याला असल्या रोपावर मात करायला वेळ लागतो. पण तो जोड्या जमवून दर पिढीला नवा होत असेल, तर तो ते रोपही लवकर खाणार. आमच्या कुंड्यांत आम्ही ही रोपं लावून पाहिली होती. त्यांना गाठी आल्या होत्या. बाईंनी किकवीपासून भोंगवलीपर्यंत सभा घेतल्या आणि सांगितलं, ही रोपं घेऊ नका, इथं चालणार नाहीत. मी फोटो दाखवायचे. लोकांनी ऐकलं. आबाही एका सभेत मागच्या रांगेत बसले होते. मला ते पाहून फार बरं वाटलं होतं.

दोन हंगाम असे गेले.

मग भोरमध्ये आमचा सत्कार ठरला. हॉल भरलेला होता. कॉलेजची मंडळी, बागायतदार, नगरपालिकेतले कुणी. मला फेटा बांधला होता. आई भोंगवलीहून एस.टी.नं आली होती. आबा रानाला पाणी द्यायचं होतं म्हणून आले नव्हते. बाईंचा पत्ता नव्हता. माझं कौतुक चालू असताना त्या मागच्या दारानं आल्या, दोन्ही हातांत एकेक उपटलेलं झाड, साडीवर चिखल, आणि सरळ स्टेजवर चढल्या. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर त्यांनी ती झाडं ठेवली. हार बाजूला सरकवले.

"आमचं काम खोटं निघालं," त्या माईकवर म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. बाईंचं काहीतरी नेहमीचं असणार असं वाटून हसलं.

"हे टोमॅटो. आमच्या शेडनेटमधलं. आज तुम्हाला दाखवायला म्हणून सकाळी उपटलं. यांच्या गाठी बघा. तुमच्या रानातल्या गाठी मोठ्या असतात, गुळगुळीत. या बारीक आहेत आणि प्रत्येक गाठीतनं केसांसारखी मुळं फुटलीत. हा तुमचा किडाच नाही. हा थंड हवेतला, दुसऱ्या जातीचा किडा आहे. याच्यात शिडी असते, हे जगाला माहीत आहे. आणि हे दुसरं झाड स्ट्रॉबेरीचं. यालाही त्याच गाठी. ही स्ट्रॉबेरीची कुंडी आमच्या शेडनेटमध्ये कोणी ठेवली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या हॉलनं माझ्याकडे पाहिलं.

मी ठेवली होती. घाटावर थंड हवेत राहणाऱ्या माझ्या मावशीनं हौसेनं दिली होती. त्या रोपाला एक लाल फळ लागलेलं होतं, तेवढ्यासाठी. बाहेर ऊन होतं म्हणून मी ती मांडणीवर वरच्या फळीवर ठेवली. खाली आमच्या कुंड्या होत्या. पाणी घातलं की खाली ठिबकायचं.

"कुंडी हिनं ठेवली," बाई म्हणाल्या. "पण ती दोन वर्षांच्या वर माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी एकदाही विचारलं नाही. त्या स्ट्रॉबेऱ्या मी खाल्ल्या. किड्याची जात पुन्हा तपासायला हवी होती, मादीच्या शेपटीवर बोटाच्या ठशासारख्या रेषा असतात, त्यावरनं दहा मिनिटांत कळतं. आम्ही सुरुवातीला तपासली, नंतर नाही. कारण आम्हाला शिडी दिसली होती. तुम्हाला रोपं घेऊ नका म्हणून सांगितलं ते चुकीचं होतं. इथल्या किड्यापुढं ती रोपं टिकली असती."

  पुढच्या रांगेतला एक बागायतदार उठला, टोपी नीट केली आणि बाहेर गेला. मग दुसरा उठला. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या मांडीवर माझ्या सत्काराची पेढ्यांची पेटी होती. मला एवढंच आठवतं की फेटा सुटेना. गाठ मागं होती आणि माझी बोटं चालत नव्हती.

बाहेर मी बाईंना गाठलं. 

"सकाळी कळलं होतं ना तुम्हाला? मला आधी का नाही सांगितलं? एक फोन करायचा होता!"

"आधी सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"हो, थांबवलं असतं! चार दिवस थांबून, नीट तपासून..."

"आणि मी थांबले असते," बाई म्हणाल्या. "मला थांबायचंच होतं गं."

मी त्यांच्याशी तीन आठवडे बोलले नाही.

नंतरचं आधी सांगून टाकते. शोधनिबंध आम्ही मागं घेतला. माझी पीएच.डी. दोन वर्षं लांबली, नोकरीचं एक पत्र आलेलं परत गेलं. काम पहिल्यापासून केलं. या खेपेला बाईंनी किडा वेल्ह्यातनं आणला, राजगडाखालच्या पाली गावात, जिथं बाहेरचं रोप कधी आलेलं नाही अशा एका आजींच्या परसातल्या वांग्यावरनं. आजी शेळ्या राखायच्या. बाईंचा हात वांग्याला जाताच त्या म्हणाल्या, "उपटा की. पर येकच. बाकीची माज्या तोंडची हायती." त्या किड्यात शिडी नव्हती. शेकडो काप पाहिले. गुणसूत्रं आपली एकेकटी, कुणाची जोडी नाही. परीक्षकांनी विचारलं, निष्कर्ष काय? मी म्हणाले, पुस्तकात होतं तेच. त्यांनी मला पास केलं, पण त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बाई निवृत्त झाल्या आणि पुण्याला नवऱ्याकडे गेल्या. चारच महिन्यांत परत भोरला आल्या. आमचं उत्तम चाललंय, असं दोघंही अजून सांगतात.

पण मला सांगायचंय ते त्या तीन आठवड्यांनंतरचं.

बाई माझ्या खोलीवर आल्या. त्यांच्या हातात आमच्या सभांच्या हजेरीचे कागद होते, सगळ्या गावांचे. "चल," त्या म्हणाल्या. "घरोघर जाऊ. हॉलमध्ये किती लोक होते? ज्यांनी ऐकलं ते सगळे नव्हते."

मला जायचं नव्हतं. मी गेले, कारण एकट्या बाई लोकांसमोर काय बोलतील याची मला भीती वाटत होती. पण बाई प्रत्येक दारात एकच वाक्य बोलायच्या. "आम्ही तुम्हाला चुकीचं सांगितलं, ती रोपं लावा." एवढंच. कारण सांगायच्या नाहीत, गुणसूत्रांचं नाव काढायच्या नाहीत. मला त्याचाच धक्का बसायचा.

किकवीत हायवेच्या कडेला एका काकूंनी आम्हाला पाणी दिलं. म्हणाल्या, "बाई, तुमी आमच्या रानात न इचारता शिरत हुता, तवा कदी माफी मागितली न्हाई. आन् आता दारात हुबं राहून मागताय व्हय?" आणि हसल्या. बाई हसल्या नाहीत.

पुढच्या वस्तीवर एका माणसानं आत घेतलं नाही. दारातच उभा राहिला. चिडलेला नव्हता, त्याचंच मला जास्त भय वाटलं. म्हणाला, "दोन वरसं टोमॅटोचं माळवं बसलं माजं. शेजाऱ्यानं ती रोपं लावायची म्हटली, तर म्याच त्येला म्हटलं, नगं, बाई नगं म्हंत्यात. त्याचं बी बसलं. ती दोन वरसं आता कशी आणायची, सांगा की."

  बाई तिथं उभ्या राहिल्या. तो आत गेला, दार लागलं, तरी उभ्या होत्या. शेवटी मी त्यांच्या दंडाला धरलं. 

"दोन वर्षांत मी एका रानात गेले नाही," स्कूटीपाशी आल्यावर त्या म्हणाल्या. "फोटो आले आणि मी रानात जायची बंद झाले. एक झाड उपटलं असतं इथं, तर कळलं असतं."

शेवटचं घर आमचं होतं. भोंगवलीत, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. बाईंनी स्कूटी अंगणाबाहेर लावली आणि तिथंच थांबल्या.

"हे घर तुझं आहे. इथं तू बोल," त्या म्हणाल्या.

आबा पडवीत क्रेट दुरुस्त करत बसले होते. मी समोर उभी राहिले. सकाळपासून वीस दारांत ऐकलेलं ते वाक्य, पण माझ्या तोंडातनं निघेना. हॉलमध्ये काय झालं ते आईनं त्यांना सांगितलं असणार, पण आबांनी त्यावर मला एक शब्द विचारला नव्हता. मी म्हणाले, "आबा, आम्ही सभेत सांगितलं ते चुकलं होतं. ती रोपं घ्यायला पाहिजे होती. तुमचंही नुकसान..."

"माजं न्हाई झालं," आबा म्हणाले.

मला वाटलं, ते माझी समजूत घालतायत.

"म्या लावली हुती की ती रोपं," आबा म्हणाले. क्रेटवरनं मान वर केली नाही त्यांनी. "सभेच्या दुसऱ्या दिशी आणली."

"आमचं ऐकून?"

"तुमचं ऐकून म्हटलं, बघू तरी. समदी न्हाई लावली. एक वळ ही, एक वळ आपली नेहमीची, आसं येकाआड येक लावत गेलो. दोन्ही हंगामाला. दर पंद्रा दिसाला दोन्हीतलं येकेक झाड उपटून बघायचो. आपल्या रोपांस्नी गाठी. त्या रोपांस्नी न्हाई. दुसऱ्या साली बी न्हाई."

 मी मुळांवरच्या गाठींवर पीएच.डी. करत होते. दर रविवारी मी या घरी जेवायला यायचे. दोन वर्षांत घरच्या रानातलं एकही झाड मी उपटून पाहिलं नव्हतं.

"आबा, मग मला का नाही सांगितलं?"

आता त्यांनी वर पाहिलं. "तू आनंदात हुतीस गं. छापून आलेलं दाखवत हुतीस. म्या आडाणी मानसानं काय म्हनायचं, तुजं पुस्तक चुकलंय? मला वाटलं माज्याच रानात काय तरी येगळं आसंल."

मी तिथंच खाली बसले. माझ्या बापाला खरं माहीत होतं, आणि ते मला सांगायचं धाडस त्याला झालं नव्हतं. माझ्यामुळं. वीस घरांचं माळवं वाचलं असतं. हॉलमधल्या त्या दिवसानंसुद्धा माझं असं झालं नव्हतं.

बाई कधी आत आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आबांसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. 

"एकाआड एक का लावली?" त्यांनी विचारलं. "अर्ध्या रानात ही आणि अर्ध्यात ती, असं का नाही?"

"आसं कसं?" आबा म्हणाले. "खालच्या अंगाला पाणी मुरतंय, वरच्या अंगाला ऊन लई. अर्धं-अर्धं लावलं तर कुणामुळं काय झालं ते कसं कळायचं? दोघास्नी सारखं मिळाया नगं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आबांकडे.

"दादा," त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून सांगा. कुठली वळ, कोणत्या दिवशी उपटलं, किती गाठी दिसल्या. आठवेल तेवढं सगळं." आणि मला म्हणाल्या, "लिहून घे."

आबा लाजले. हातातला क्रेट बाजूला ठेवला, तळवे धोतराला पुसले आणि आठवत आठवत सांगायला लागले. मला दिसत नव्हतं नीट, पण मी वही उघडली. थोड्याच वेळात ते भराभर बोलत होते आणि माझा हात मागं राहत होता.

"आबा," मी म्हणाले, "हळू सांगा. मग काय केलं?"